एन दिसला तरच निघायचं

आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, पण माऊसला हात न लावता कॉम्प्युटर चालवणारा आमच्या ऑफिसात मी एकटाच. आता हे खरं की ऑफिसात माऊसच नाही. होता तो मेला, आणि मालक म्हणाले, "कीबोर्ड आहे ना? मग बास." त्या दिवसापासून माझी बोटं अशी काही सुटली की लोक मलाच कीबोर्ड म्हणायला लागले. आता टपरीवर चहासुद्धा "कीबोर्डचा एक" म्हणून येतो.

आमचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. लोकांच्या तक्रारी ईमेलने येतात आणि सगळ्या एकाच खात्यात पडतात. ते खातं उघडणारा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आहे. वय विचारू नका. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र नाही, रंग नाही. एका ओळीत एक मेल, सगळ्यात जुना सगळ्यात वर. मेल कोणी उघडला नसेल तर ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी एन दिसतो. उघडला की एन गेला.

या एका एनवर आमचं अख्खं ऑफिस चालतं. एन आहे म्हणजे काम बाकी आहे. एन नाही म्हणजे कोणीतरी घेतलंय. ज्याने उघडला त्याने निस्तरायचं, दुसऱ्याने विचारायचंसुद्धा नाही. त्यामुळे आमच्याकडे मेल उघडायला माणसं टरकतात. दोन्ही मेकॅनिक रोज सकाळी पडद्यासमोर उभे राहतात, नुसता विषय वाचून आत काय वाढून ठेवलंय याचा अंदाज घेतात, आणि नाइलाज झाल्यासारखे वरून एकेक एन उघडून कामाला निघतात.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी जो तो मेकॅनिकला कोपऱ्यात गाठून सांगायचा, "जरा आमच्या मावशीच्या बिल्डिंगचं आधी बघ ना." एका आठवड्यात सगळ्यांच्या मावश्या, आत्या, साडू, व्याही यांच्या लिफ्ट चकाचक झाल्या आणि गिऱ्हाईकं जिना चढत राहिली. मालकांनी भिंतीवर कागद चिकटवला : तोंडी काम बंद. एन दिसला तरच निघायचं.

हा नियम सगळ्यात मनावर घेतला तो उस्तादने. उस्ताद आमचा मोठा मेकॅनिक. माणूस लाखात एक, पण नियम म्हणजे नियम. त्याच्या स्वतःच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यानेही मेल केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन तोच मेल उघडला. दुसरा मेकॅनिक होयबा. त्याला काहीही सांगा, "हो हो" म्हणतो आणि निघून जातो. तिसऱ्या आमच्या टेलिफोनताई. त्या फोन घेतात, आणि त्या काळ्या पडद्याकडे पाठ करून बसतात.

उघडलेल्या मेलला पुन्हा एन लावता येतो, ही गोष्ट मात्र ऑफिसात फक्त मला ठाऊक होती. त्या ओळीवर जायचं आणि एनची कळ दाबायची. एन नसला तर येतो, असला तर जातो. मी या विद्येच्या जोरावर कितीतरी मेल गुपचूप वाचून परत ताजे करून ठेवले आहेत.

मंगळवारी सकाळी, मेकॅनिक निघून गेल्यावर, एक मेल आला. विषय होता, "लिफ्ट बंद. गुडघे पण." पाठवणाऱ्या माझ्या सासूबाई.

आई सहाव्या मजल्यावर एकट्या राहतात. गुडघे कधीच गेलेत. एका डोळ्याने नुसता उजेड कळतो, आणि ज्या डोळ्यावर मदार होती त्यातही मोतीबिंदू पिकला. हा मेलसुद्धा त्यांनी भिंग धरून एकेक अक्षर शोधून लिहिला होता. ऑपरेशनची तारीख फार वाट बघून मिळाली होती, गुरुवार, सकाळी दहा. डॉक्टर शुक्रवारपासून लांब रजेवर. गुरुवार हुकला की पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, आणि तोवर आईंना आमचे चेहरे आवाजावरून ओळखावे लागणार. त्या आत्ताच मला आणि दूधवाल्याला एकाच हसऱ्या चेहऱ्याने दार उघडतात. मला वाईट वाटतं त्याचं. दूधवाल्याला जास्त हसतात असंही वाटतं.

मी लगेच बायकोला फोन केला.

"आईंच्या लिफ्टचं माझ्यावर सोड."

"मेकॅनिकला सांगितलंस?"

"तोंडी चालत नाही आमच्यात. एन लावलाय. उद्या सकाळी उस्ताद येईल, बघेल आणि निघेल."

"नक्की ना? गुरुवारी आई जिना उतरू शकणार नाहीये."

"अगं, मी काय आज आलोय का ऑफिसात?"

मी मेल वाचला होता, म्हणून एन गेला होता. कळ दाबून परत लावलाही होता. इथपर्यंत सगळं उत्तम. इथेच मी उठून चहाला गेलो असतो तर तुम्हाला सांगण्यासारखं काही राहिलं नसतं.

पण दुपारी वाटलं, आईंचा एन उठून दिसायला हवा. मध्ये लिफ्टचे वायररोप विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातींनी उच्छाद मांडला होता. रोज एक जाहिरात, प्रत्येकीला एन. म्हटलं, एका फटक्यात त्यांचे एन उडवू. त्याची रीत मला पाठ आहे. आधी एक कळ दाबायची, मग तो विचारतो, कुठल्या मेलवर खूण करू? तिथे कंपनीचं नाव लिहायचं. खुणा पडल्या की एकदा एन दाबायचा, सगळ्या खुणावाल्यांना लागू होतो. त्याने विचारलं, कुठल्या मेलवर खूण करू, आणि नेमका माझा फोन वाजला.

"झालं का आईच्या लिफ्टचं?" बायको.

"झाल्यातच जमा आहे," मी म्हणालो, आणि बोलता बोलता माझं बोट टिंबावर पडलं. त्या प्रोग्रॅमच्या भाषेत नुसतं टिंब म्हणजे "सगळे". हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

"मग असं कर, लवकर नीघ. आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायचेत, ते दुकान लवकर बंद होतं."

"निघालोच," म्हणत मी खिडकीतून बाहेर बघत बघत बाकीच्या कळा दाबल्या. बोटांना वाट पाठ असली की डोळ्यांची गरज नसते, असं मी तेव्हा समजत होतो. मग थेंब घेऊन घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "आईंचा मेल असा नजरेत भरेल बघ, उस्तादला दुसरं काही दिसायचंच नाही."

बुधवारी ऑफिसात पोचलो तर दोन्ही मेकॅनिक केव्हाच निघून गेलेले. टेलिफोनताई डोकं धरून बसल्या होत्या.

"आज फार काम आलंय हो कीबोर्ड. उस्ताद म्हणाला, एवढं काम त्याने जन्मात बघितलं नाही. जाताना नमस्कार करून गेला पडद्याला."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी तो माझ्याकडे दिला. एका बिल्डिंगचे सेक्रेटरी बोलत होते.

"तुमचा माणूस आलाय. आमची लिफ्ट तर चालू आहे."

"मग चांगलंच आहे की."

"होती. आता त्याने उघडलीय."

फोन ठेवला तोच दुसरा. हे एक निवृत्त मास्तर निघाले. लिफ्टचं दार कुरकुरतं अशी तक्रार त्यांनी केली होती. कधी, ते त्यांनाही आठवत नव्हतं. "मी सगळ्यांना सांगत होतो, येतील, जरा धीर धरा. बिल्डिंग हसायची मला. मिसेसही हसायच्या. आज तुमचा माणूस दारात उभा राहिला आणि मी सगळ्यांना खाली बोलावून दाखवला." दार मधल्या काळात बदलून झालं होतं, पण ती मास्तरांना अडचण वाटली नाही.

मग होयबाचा फोन. तो कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय म्हणून पहार घेऊन धावत गेला होता.

"सापडला का माणूस?" मी विचारलं.

"हो हो. भेटला. म्हणतो, मी सुटलो त्या वेळी. मध्ये लग्नसुद्धा झालं त्याचं. मुलगी शाळेत जाते."

"मग तू काय केलंस?"

"अभिनंदन केलं."

त्याच्या पाठोपाठ उस्ताद. "कीबोर्ड, पत्ता बरोबर आहे, बिल्डिंग सापडत नाही. इथे मोठा खड्डा आहे. नवीन बांधतायत."

"तक्रार काय होती?"

"लिफ्ट खाली येत नाही."

"मग?"

"आली म्हणून लिहून टाक," उस्ताद म्हणाला आणि पुढच्या कामाला गेला.

पडद्यासमोर बसलो आणि वर सरकत गेलो. एन, एन, एन. ऑफिस सुरू झाल्यापासून निस्तरलेल्या सगळ्या मेलना परत एन लागला होता. टिंबाचा अर्थ मला तेव्हा कळला. मेकॅनिकांनी बिचाऱ्यांनी नियमाप्रमाणे वरून सुरुवात केली होती, म्हणजे सगळ्यात जुन्या तक्रारीपासून. तारीख बघायची ना, असं तुम्ही म्हणाल. त्या पडद्यावर महिना आणि दिवस दिसतो, साल दिसत नाही. शिवाय आमच्यात तारीख बघायची पद्धत नाही, एन बघायची आहे.

आणि कळ एनला उलटं करते, त्यामुळे ज्यांना एन नव्हता त्यांना लागला, तसा ज्यांना होता त्यांचा गेला. मी धावत तळाशी गेलो. "लिफ्ट बंद. गुडघे पण." ओळ होती. एन नव्हता.

माणूस म्हणून असेन तसा असेन, पण जावई म्हणून मी कर्तव्याला चुकणारा नाही. बाकीचा गोंधळ गेला खड्ड्यात, म्हटलं, आधी आईंचं. त्या ओळीवर गेलो, एन दाबला, एन आला. डोळे मिचकावून पुन्हा बघितला. होता. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मग शांत डोक्याने विचार केला. सगळं एकदा उलटं झालंय. पुन्हा एकदा उलटं केलं की सुलटं होणार. पालथं भांडं पालथं केलं की सरळच होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. कळ, टिंब, एन. या वेळी डोळे उघडे ठेवून दाबलं. पडदा असा स्वच्छ झाला म्हणता! जुने मेल गप्प बसले. वरच्या बाजूला काही एन उरले होते, खाली काही. थोडी खरकटी राहणारच, म्हटलं. आईंची ओळ काही परत बघितली नाही. ती तर मी स्वतःच्या हाताने केली होती.

"काय झालं होतं हो?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. मशीन आहे, कधीकधी त्यालाही आठवणी येतात."

दोन्ही मेकॅनिक संध्याकाळी बाहेरूनच परस्पर घरी गेले. घरी बायकोने विचारलं, "आज आला होता का तुमचा उस्ताद आईकडे?"

"आज जरा गडबड होती. उद्या पहिलं काम तेच. सकाळी आठला निघतो तो, नऊला लिफ्ट चालू. मी स्वतः, या हाताने, एन लावलाय."

बायकोने हाताकडे बघितलं.

गुरुवारी आम्ही दोघं नऊला आईंच्या बिल्डिंगखाली. मी ऐटीत लिफ्टचं बटण दाबलं. काही नाही. जरा जोरात दाबलं. बायको जिना चढायलाही लागली होती.

आई तयार होऊन खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. "आलात का? ये गं. जावईबापू, लिफ्ट झाली का?"

"होईल, आई, आत्ता होईल. माणूस निघालाय."

"काल आला होता ना तुमचा माणूस. शेजारच्या बिल्डिंगमध्ये. मला चेहरा कुठला दिसायला, पण निळे कपडे दिसले. मी गॅलरीतून हाक मारली, इकडे पण या हो, इकडची बंद आहे. तो हो हो म्हणाला."

"मग?"

"मग गेला."

साडेनऊ वाजायला आले तरी कोणी येईना. बायको म्हणाली, "आता नाही थांबायचं. उतरूया." एका बाजूने ती, एका बाजूने मी, मध्ये आई. आई एक पायरी उतरायच्या, थांबायच्या, "चला" म्हणायच्या, आणि पुढच्या पायरीला पुन्हा थांबायच्या. पाचवा मजला झाला. चौथ्यावर त्यांनी कठडा धरला तो सोडेनात. चेहरा पांढरा पडला होता.

"मला नाही जमायचं गं," त्या म्हणाल्या. "राहू दे. पुढची तारीख घेऊ. इतके दिवस काढले, अजून थोडे."

त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी आतून खुर्ची आणून दिली. आई बसल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "एन लावला होतास ना?"

"लावला होता. आधी आईंचा हाताने लावला, मग सगळ्यांचे..."

आणि तिथे, जिन्यात, मला उमगलं. आधी आईंना एन लावला. मग सगळ्यांना एकदम उलटं केलं. सगळ्यांत आईही आल्या. बाकीच्या सगळ्या न उघडलेल्या तक्रारींना एन परत मिळाला. ज्या एकीला मी खास प्रेमाने आधीच लावला होता, तिचा तेवढा गेला. मी काहीच केलं नसतं तरी आईंची लिफ्ट चालू झाली असती. हे बायकोला समजावून सांगायची ती वेळ नव्हती. कुठलीच नसते.

मी धडाधडा खाली पळालो. रिक्षा, खुर्ची उचलायला चार माणसं, जे मिळेल ते आणू म्हणून फाटकाकडे धावलो, आणि शेजारच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मला निळे कपडे दिसले. उस्ताद! लिफ्टचं पॅनेल उघडून, जमिनीवर स्क्रू मांडून बसला होता.

"उस्ताद, इथे काय करतोयस?"

"होयबाने काल काय शेण खाल्लं कोणास ठाऊक. काल त्याने केलेल्या कामाला आज परत एन आहे. इथले लोक म्हणतात, लिफ्ट चालू आहे. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, तक्रार दोनदा आलीय."

काल मेकॅनिकांनी जे जुने मेल उघडले, त्यांचे एन गेले होते. माझ्या दुसऱ्या उलथापालथीत तेवढ्यांना ते परत लागले. वरची खरकटी ती हीच. पण तेही सांगायची वेळ नव्हती.

"ते सोड. बाजूच्या बिल्डिंगमध्ये चल. माझी सासू चौथ्या मजल्यावर जिन्यात बसलीय. दहाला डोळ्याचं ऑपरेशन आहे. लिफ्ट बंद आहे."

उस्तादने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. चेहऱ्यावर खरीखुरी कळकळ होती. "अरेरे. एन आहे का?"

"नाहीये. म्हणजे होता. गेला. मीच घालवला."

"मग कसं जमायचं? तोंडी काम बंद आहे. तूच टाइप केला होतास तो कागद."

"अरे, दहा पावलांवर आहे!"

"नियमात अंतर कुठे लिहिलंय? कीबोर्ड, मला वाईट वाटतंय तुझ्या सासूबाईंचं. मनापासून वाटतंय. पण आज तुझी सासू, उद्या सगळ्यांच्या आत्या. तू एन लाव. मी आहे इथेच."

त्याच्याशी वाद घालणं म्हणजे वेळ गमावणं. मी ऑफिसात फोन लावला.

"ताई, पडद्यासमोर बसा."

"मी नाही बाई. मला तो बघितला की गरगरतं."

"ताई, पाया पडतो. खालचा बाण दाबत जा. 'लिफ्ट बंद. गुडघे पण.' अशी ओळ दिसते का बघा."

बराच वेळ नुसता टकटक आवाज. "दिसली. कोणाचे गुडघे?"

"माझ्या सासूबाईंचे."

"अगंबाई. बरे आहेत का आता?"

"नाहीत. ताई, एन दाबा."

"दाबला."

"आला का एन?"

"आला." जरा थांबून म्हणाल्या, "गेला."

"गेला कसा?"

"नीट लागलाय का बघायला परत दाबला मी."

"आता अजून एकदाच दाबा. दाबला? आला? आता हात मांडीवर ठेवा. कशालाही हात लावू नका. आणि उस्तादला फोन करून सांगा."

माझा फोन बंद झाला आणि उस्तादचा वाजला. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून बोलत होता. "हां ताई... नवीन आहे? कुठली बिल्डिंग?... बरं, बरं. माझ्या नावावर उघडा तुम्हीच. निघालो." त्याने फोन खिशात घातला, स्क्रू गोळा केले आणि मला म्हणाला, "चल. बाजूच्याच बिल्डिंगचं काम आलंय."

दुसऱ्या मजल्यावर दाराच्या खाचेत बाटलीचं झाकण अडकलं होतं. दार पुरतं लागत नव्हतं, म्हणून लिफ्ट हलत नव्हती. उस्तादने ते पकडीने उपटलं, दार दोनदा उघडून लावलं, आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर जाऊन आईंसमोर उभी राहिली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी जवळजवळ रडलो.

हॉस्पिटलात पोचायला आम्हाला उशीर झाला होता. आत दुसऱ्या पेशंटला घेतलेलं. बायको काउंटरवर अशा आवाजात बोलली की मीसुद्धा दोन पावलं मागे सरकलो, आणि आईंना सगळ्यात शेवटी का होईना, त्याच दिवशी घ्यायचं कबूल झालं. दुपारभर आम्ही बाकावर बसून राहिलो. तिथे मी बायकोला सगळं सांगितलं. टिंब, उलटं, सुलटं, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तू दोनदा मदत केलीस," ती म्हणाली.

"हो."

"म्हणून आई जिन्यात अडकली."

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं, काही काळजी नाही. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरांचा हात सोडेचना. आई चाकाच्या खुर्चीतून बाहेर आल्या, एका डोळ्यावर पट्टी, ओठांवर हसू. मी म्हटलं, "आई, मी आहे." त्या म्हणाल्या, "कळलं."

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. मी पुढे पळत जाऊन लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दिवा लागला, दार गुपचूप सरकलं. मी दार धरून उभा राहिलो. बायको आईंना घेऊन आत गेली. मी आत पाय टाकणार, तेवढ्यात आईंनी आपली पर्स माझ्या हातात दिली. बायकोने औषधांची पिशवी दिली.

"जावईबापू, तुम्ही जिन्याने या," आई अगदी मायेने म्हणाल्या. "उगीच गर्दी नको."

लिफ्टमध्ये पाटी होती, माणसं चार. आम्ही तिघंच होतो.